पाककृतीची पहिली ओळ

मासिक घरात आले की मुले आधी कोडी आणि गोष्टी शोधतात, वडीलधारी मंडळी धार्मिक लेख उघडतात, आणि पाककृतीचे पान शेवटी स्वयंपाकघरात जाऊन स्थिरावते. कात्रीने कापलेले ते पान पिठाच्या डब्याच्या झाकणाला चिकटते, तेलाचे डाग पडून पिवळे होते, आणि दहा वर्षांनी सुनेच्या हाती जाते. उर्दू मासिकांमधील दस्तरखान, मराठी मासिकांचे पाककृती विशेषांक, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या यांनी आपल्या घरांतल्या दोन-तीन पिढ्यांना स्वयंपाक शिकवला आहे. माहेरी कधी मासा न शिजवलेल्या कित्येक मुली या पानांकडे पाहून पहिल्यांदा तव्यावर तुकडे टाकायला शिकल्या. या पानांचे उपकार मोठे आहेत, म्हणूनच त्यांच्याविषयी आम्हाला एक गोष्ट मनापासून सांगायची आहे.

पाककृतीची पहिली ओळ साहित्याची असते. "एक किलो पापलेट." "अर्धा किलो मोठे झिंगे." "सुरमईचे आठ तुकडे." मीठ किती, हळद किती, आले-लसणाची पेस्ट किती चमचे, हे सगळे पुढे मोजूनमापून दिलेले असते. मासा मात्र नुसत्या नावाने येतो. तो कोणत्या महिन्यात घ्यावा, केवढा असावा, कसा पकडलेला असावा, मिळाला नाही तर त्याऐवजी काय घ्यावे, यांतले काहीही लिहिलेले नसते. समुद्र म्हणजे जणू किराणा दुकान आहे आणि बाराही महिने सगळा माल फळीवर आहे, असे त्या ओळीवरून वाटते.

मागच्या वर्षी आम्ही आठवीच्या वर्गाला एक छोटा उपक्रम दिला होता. घरी जमवलेली जुनी मासिके, कात्रणे चाळायची आणि माशाच्या पाककृतींमध्ये कोणते मासे आहेत त्यांची नावे लिहून आणायची. फळ्यावर यादी तयार झाली तेव्हा तीच चार-पाच नावे पुन्हा पुन्हा आली: पापलेट, सुरमई, रावस, कोळंबी. मग आम्ही मुलांना विचारले, "आपल्या आठवडी बाजारात कोणते मासे दिसतात?" लगेच दुसरी यादी उभी राहिली: चिलापी, रोहू, कटला, मरळ, वाम, सुकट, सुके बोंबील. दोन्ही याद्यांत सामाईक असे जवळजवळ काही नव्हते. एका मुलीने विचारले, "सर, मग आपले मासे पुस्तकात का नाहीत?" या प्रश्नाने आम्हाला पुष्कळ शोधायला लावले.

नगरला समुद्र कुठून येतो

आपला अहिल्यानगर जिल्हा, बोलण्यात अजून नगरच, समुद्रापासून दूर. मुंबईचा किनारा सुमारे अडीचशे किलोमीटरवर, मध्ये सह्याद्रीचा घाट. आपल्या आजी-आजोबांच्या काळात घाटावर समुद्र यायचा तो वाळून. सुकट, जवळा, सुके बोंबील, खारवलेला बांगडा आठवडी बाजारात पोत्याने विकायला असे. कोळी बायका भरपूर मासळीच्या दिवसांत बोंबील वलांडीवर वाळवत, आणि तो माल पावसाळाभर घाटावरच्या घरांत पुरे. ज्वारीची भाकरी आणि परतलेली सुकट हे आपल्याकडचे समुद्राशी असलेले खरे नाते.

पुढे बर्फ आला, थर्माकोलची खोकी आली, रात्रभर धावणाऱ्या गाड्या आल्या. आता नगरच्या बाजारात पापलेट मिळते, वलीमाच्या दावतीत सुरमई फ्राय असते, आणि ढाब्याच्या पाटीवर कोकणचे नाव असते. ही सोय वाईट नाही. फक्त या सोयीबरोबर एक बदल झाला. किनाऱ्यावरच्या बाईला आज होडीने काय आणले हे पाहून स्वयंपाक ठरवावा लागतो. आपण मात्र आधी पान वाचतो, पदार्थ ठरवतो, आणि मग तोच मासा मागतो. पावसाळा असो, उन्हाळा असो, मागणीतली चार नावे बदलत नाहीत. अशी हजारो घरे नगरला, पुण्याला, संभाजीनगरला, नागपूरला, दिल्लीला आहेत. व्यापारी त्याच चार नावांना भाव देतो, आणि होडी त्याच चार नावांच्या मागे जाते.

पापलेट लहान का झाले

पालघर जिल्ह्यातले सातपाटी हे गाव पापलेटसाठी प्रसिद्ध. तिथल्या मच्छीमारांच्या सहकारी संस्था जुन्या आहेत आणि तिथले पापलेट परदेशातही जात आले आहे. याच किनाऱ्यावरचे मच्छीमार गेली अनेक वर्षे सांगत आहेत की पापलेट कमी झाले आणि लहान झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने पापलेटला राज्य मासा घोषित केले. हरियाल, शेकरू यांच्याप्रमाणे एखाद्या जीवाला राज्याचे मानचिन्ह केले जाते तेव्हा त्यामागे कौतुक असते आणि काळजीही असते.

पापलेट लहान होण्याचे कारण समजायला अवघड नाही. मासा अंडी घालण्याइतका मोठा होण्याआधीच जाळ्यात आला, तर त्याची पुढची पिढी जन्मालाच येत नाही. वाहत्या भरती-ओहोटीत खुंटाला बांधलेली डोल जाळी बोंबील आणि जवळ्यासाठी लावतात. त्यांच्या बारीक भोकांत पापलेटची पिल्लेही अडकतात. ट्रॉलर समुद्राचा तळ ओरबाडत जातो, त्याच्या जाळ्याला लहान-मोठे काही समजत नाही. पर्ससीन जाळे माशांच्या अख्ख्या थव्याला वेढा घालते आणि खालून दोरी आवळून पिशवीसारखे बंद होते. यांत्रिक होडी, शीतपेटी, माशांचा थवा दाखवणारे यंत्र, रात्री मासे गोळा करणारे प्रखर दिवे, असे एकेक साधन वाढत गेले. समुद्र मात्र तेवढाच राहिला.

शासनाने काही पावले उचलली. डॉ. सोमवंशी समितीच्या शिफारशींनंतर फेब्रुवारी २०१६ मध्ये महाराष्ट्राने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले आणि तिला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच काळ ठेवला. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. १९८१ च्या राज्याच्या सागरी मासेमारी कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन दंड लाखांच्या घरात गेला. २०२३ मध्ये पन्नासहून अधिक जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला गेला. त्याहून लहान मासा पकडणे आणि विकणे आता नियमाविरुद्ध आहे.

नियम कागदावर आले, पण मागणीच्या बाजूने कोणी बोलले नाही. "ताटात अख्खे मावेल असे छोटे पापलेट घ्या," असे पाककृतीत वाचून आपण बाजारात तळहाताएवढे पापलेट शोधतो. तो मासा अजून पिल्लू आहे, हे ना लिहिणाऱ्याने सांगितलेले असते, ना विकणाऱ्याने.

झिंग्याचा हिशेब

दुसरे आवडते नाव झिंगा, म्हणजे कोळंबी. समुद्रातली कोळंबी बहुतेक तळाशी राहते, म्हणून ती ट्रॉलरच्या जाळ्यात येते. तिच्याबरोबर तळावरचे बाकी सगळेही येते: लहान मासे, पिल्ले, खेकडे, कधी समुद्री कासव. उष्ण प्रदेशांतल्या समुद्रांत कोळंबीपेक्षा हा बरोबरचा माल वजनाने कितीतरी पट असू शकतो. पूर्वी तो समुद्रातच टाकून देत. आता आपल्याकडे त्यातला बराचसा वाळवून, दळून कोंबड्यांच्या आणि माशांच्या खाद्यासाठी विकला जातो. म्हणजे ज्या पिल्लांपासून पुढच्या वर्षीचे मोठे मासे व्हायचे, तीच आज भुकटी होऊन खाद्याच्या पोत्यात जातात.

कासवांसाठी जाळ्यात एक जाळीदार चौकट बसवता येते. कोळंबी तिच्यातून मागे जाते आणि कासव वरच्या झडपेतून बाहेर पडते. आपल्या देशातल्या ट्रॉलरवर ही चौकट सर्रास नसल्यामुळे अमेरिकेने २०१९ पासून भारतातली समुद्रात पकडलेली कोळंबी घेणे थांबवले. त्याचा फटका किनाऱ्यावरच्या निर्यातदारांना आणि कोळंबी सोलणाऱ्या हजारो बायकांनाही बसला.

मग तळ्यातली कोळंबी घ्यावी का? आज शहरांत मिळणारी एकसारख्या आकाराची, करड्या रंगाची कोळंबी बहुधा व्हेनामी असते. ही मूळची अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्याची जात. भारतात २००९ पासून तिची शेती सुरू झाली आणि आंध्र प्रदेश त्यात सर्वांत पुढे आहे. तिच्यासाठी तळ ओरबाडावा लागत नाही, ही जमेची बाजू. पण तिच्या खाद्यात माशांची भुकटी असते, आणि तळ्यांचे पाणी नीट सांभाळले नाही तर आसपासची शेती आणि खाड्या खराब होतात. कोळंबी खाऊच नये असे आम्ही म्हणत नाही. रोजच्या पुलावात ओतण्याची ती वस्तू नव्हे, एवढेच.

बंदीचे एकसष्ट दिवस

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस महाराष्ट्राच्या समुद्रात यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि याच सुमारास अनेक माशांचा प्रजननाचा काळ असतो. कोळी समाजात ही विश्रांती कायद्याच्या फार आधीपासून होती. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्यावर होड्या पाण्यात जात.

आता आपली मासिके पाहा. जुलैच्या अंकात "पावसाळी चटपटीत" या सदराखाली कुरकुरीत सुरमई आणि तंदुरी पापलेट असते. किनारा बंद असताना नगरच्या बाजारात ते कुठून येणार? शीतगृहातून, किंवा पूर्व किनाऱ्यावरून, कारण तिकडची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते आणि तोवर संपलेली असते. चार-चार दिवस बर्फात राहिलेला मासा आपण दुप्पट भावाने घेतो, आणि बंदी चोरून मोडणाऱ्याला गिऱ्हाईक मिळवून देतो.

सूरह आराफमधील समुद्रकाठच्या वस्तीचा किस्सा आपल्या घरांत मुलांना सांगितला जातो. शनिवारी मासेमारीची मनाई होती, आणि नेमके त्याच दिवशी मासे पाण्यावर दिसत. तफसीरकार सांगतात की त्या लोकांनी पळवाट काढली, आदल्या दिवशी जाळी लावून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी मासे काढले. तो अल्लाहचा हुकूम होता आणि आजची बंदी हा सरकारी कायदा आहे. दोन्ही एक नव्हेत. पण समोर मासे दिसत असताना हात आवरणे ही माणसाची जुनी परीक्षा आहे, एवढे त्या किस्स्यातून मुलांनाही समजते.

एका पदार्थाने मासा संपतो, आणि वाचतोही

पाककृतीच्या पानाने समुद्राला खरेच फरक पडतो का, असे कोणी विचारील. जगात याची उदाहरणे आहेत.

१९८० च्या दशकात अमेरिकेत न्यू ऑर्लीन्स शहरातले पॉल प्रुधोम नावाचे शेफ 'ब्लॅकन्ड रेडफिश' या पदार्थामुळे गाजले. लोण्यात बुडवून, मसाला लावून, कडकडीत तापलेल्या लोखंडी तव्यावर काळा केलेला तो मासा. त्यांचे पाककृतींचे पुस्तक १९८४ मध्ये आले आणि देशभरातली उपाहारगृहे हाच पदार्थ करू लागली. तोवर फारसा कोणी न विचारणारा रेडफिश एवढा पकडला गेला की काही वर्षांतच मेक्सिकोच्या आखातात त्याच्या व्यापारी मासेमारीवर सरकारला बंदी घालावी लागली.

दक्षिण ध्रुवाजवळच्या थंड समुद्रातला एक मासा 'टूथफिश' या नावाने कोणी घेत नव्हता. १९७७ मध्ये एका व्यापाऱ्याने त्याला 'चिलियन सी बास' हे चटकदार नाव दिले. पुढे तो उंची उपाहारगृहांच्या यादीत गेला आणि त्याच्यासाठी दूरच्या समुद्रांत चोरटी मासेमारी सुरू झाली. हा मासा हळूहळू वाढतो आणि उशिरा अंडी घालतो, त्यामुळे त्याची भर लवकर निघत नाही. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावरचा कॉड मासा तर शतकानुशतके पुरला होता. १९९२ मध्ये तो इतका घटला की सरकारने मासेमारी थांबवली आणि सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार गेला. तीस वर्षे उलटली तरी तो पूर्वीसारखा झालेला नाही.

उलट उदाहरणही आहे. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या २७ नामवंत शेफनी स्वोर्डफिश हा मासा काही काळ यादीतून काढण्याचे ठरवले, कारण पकडलेले मासे दिवसेंदिवस लहान होत होते. पुढे शेकडो शेफ त्यांना मिळाले. दोन वर्षांत त्या माशाच्या पिल्लांना संरक्षण देणारे नियम झाले आणि पुढे त्याची संख्या सावरली. स्वयंपाक शिकवणाऱ्या माणसाच्या शब्दाला एवढे वजन असते.

आपल्याकडेही मुंबईत काही तरुण समुद्र-अभ्यासकांनी 'नो युअर फिश' नावाने पश्चिम किनाऱ्यासाठी महिनावार माशांची यादी सुरू केली. कोणत्या महिन्यात कोणता मासा घ्यावा आणि कोणता टाळावा हे त्यात सांगितलेले असते. भाजीपाल्याचा हंगाम आपल्याला पाठ असतो. माशाचाही हंगाम असतो, हे त्या यादीने शहरातल्या लोकांना आठवून दिले.

आपले घर, आपला दस्तरखान

मासा हलाल आहे, त्याला जबह करावे लागत नाही, हे सर्वांना माहीत आहे. नगरकडची आपली बहुतेक घरे हनफी आहेत. त्यामुळे खेकडा, माकूळ, शिंपल्या आपल्याकडे शिजत नाहीत, आणि झिंग्याबद्दल तर एकाच घरात दोन मते असतात: खाला आवडीने खातात, दादी भांडे वेगळे ठेवायला सांगतात. कोकणातली आपली नातेवाईक मंडळी शाफई, त्यांच्याकडे समुद्रातले सगळे चालते. पण मासिकात दोन्ही घरांसाठी एकच पान येते, आणि त्यात झिंगाच जास्त असतो. नगरच्या घराला चालणारे, परवडणारे आणि जवळचे मासे त्या पानावर आले तर आपली सोयच होईल.

आणखी एक गोष्ट. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर दालदी समाजाची घरे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीवर जगतात. ते आपलेच बांधव आहेत. लहान होडीवाला आणि पर्ससीनवाला यांच्यातला वाद किनाऱ्यावर कडवट झाला आहे, आणि दोन्हीकडे कर्जाचे हप्ते आहेत, मुलांच्या शाळेच्या फिया आहेत. मासा संपला तर आधी लहान होडी किनाऱ्याला लागते. म्हणून समुद्राची काळजी म्हणजे कोळ्याच्या पोटावर पाय, असे मानण्याचे कारण नाही. तिचा सर्वांत जास्त लाभ त्यालाच आहे.

धरणातला मासा

आपल्याकडे राहुरीजवळ २६ टीएमसीचे मुळा धरण आहे, प्रवरेवर १९२६ मध्ये पूर्ण झालेले भंडारदरा आहे, शेवगाव-नेवाशाला नाथसागराचे पाणी लागते, आणि कर्जतच्या दक्षिण कडेला उजनीचा फुगवटा पसरतो. भोई बांधवांच्या संस्था तिथे मासेमारी करतात. रोहू, कटला, मृगळ, चिलापी, मरळ, वाम सकाळी पकडले की दुपारी आपल्या बाजारात असतात. ताजे, स्वस्त, आणि बर्फाचा, डिझेलचा खर्च थोडा.

पण धरणातला मासा म्हणजे आपोआप निर्दोष, असेही नाही. पहिल्या पावसात नदीला पाणी आले की मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढतात. हे चढणीचे मासे सहज हाती लागतात, गाबोळीने भरलेले असतात, आणि गावोगाव ते पकडण्याची झुंबड उडते. उजनीत वडाप नावाच्या बारीक जाळ्यांनी बोटाएवढी पिल्ले टनावारी ओढली जातात, अशा तक्रारी मच्छीमारच करतात. देशात बंदी असलेला परदेशी मांगूरही कुठे कुठे चोरून विकला जातो. तो दुसऱ्या माशांना खाऊन टाकतो, म्हणून त्याला घरात आणूच नये. समुद्राला लागू असलेल्या तिन्ही गोष्टी, म्हणजे महिना, आकार आणि जाळे, धरणालाही लागू आहेत.

"रोहूला काटे फार, मुले खात नाहीत," हे आम्ही पालकांकडून नेहमी ऐकतो. त्याला उपाय आहेत. रोहू-कटल्याचे पातळ आडवे तुकडे करावेत. लहान मुलांसाठी मासा हळद-मिठात वाफवून, गार झाल्यावर काटे वेचून, बटाटा, कोथिंबीर, हिरवी मिरची घालून शामी कबाबसारख्या टिक्क्या कराव्यात. मरळीला काटे कमी, तिची बिर्याणी उत्तम होते. चिलापीला उभ्या चिरा देऊन लसूण, मिरची, लिंबू लावून तव्यावर भाजली तर पापलेटची आठवण राहत नाही.

डोक्यावर चार ओळी

आमची विनंती साधी आहे. माशाच्या प्रत्येक पाककृतीच्या डोक्यावर चार ओळी असाव्यात. नमुना असा:

मासा: बांगडा. त्याऐवजी चिलापी किंवा कटला चालेल.
महिना: ऑक्टोबर ते डिसेंबर उत्तम. जून-जुलैमध्ये समुद्राचा ताजा मासा घेऊ नये.
आकार: वीतभर. तळहाताएवढी पिल्ले घेऊ नयेत.
विक्रेत्याला विचारा: कुठला आहे, केव्हाचा आहे?

या चार ओळींना पानावर दोन बोटे जागा लागते. चौथ्या ओळीचा फायदा आपल्यालाही आहे, कारण असे विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला शिळा मासा सहसा कोणी देत नाही.

पावसाळ्याच्या अंकात मासा हवाच असेल तर सुकटीची चटणी, सुक्या बोंबलाचे कालवण, खारा बांगडा यांना मान द्यावा. हंगामात वाळवलेला तो मासा पावसाळ्यासाठीच असतो, आणि भाकरीबरोबर त्याच्यासारखे दुसरे काही नाही. नाहीतर अंडी आहेत, डाळ आहे, पावसातल्या रानभाज्या आहेत. गाबोळीच्या पाककृती तर जून-जुलैच्या अंकात नकोतच. मुशी हळू वाढते आणि पिल्ले मोजकीच देते, म्हणून तिच्याही कौतुकाला आवर घालावा.

दावतीचेही तसेच. शंभर माणसांच्या वलीमात पापलेट फ्राय ठेवले तर शंभर मासे लागतात, आणि अर्धे ताटांत उरतात. इसराफ म्हणजे काय, हे आपण मुलांना शिकवतो. दावतीची उष्टी ताटे मुलेच गोळा करतात आणि मोजतातही. त्या जागी कटल्याचे बोटाएवढे तुकडे तळून ठेवले तर पाहुण्यांचा मान कमी होत नाही आणि खर्च निम्म्यावर येतो.

"आपल्या एका घराने काय होणार?" असे पुष्कळ जण म्हणतील. आपले एक घर समुद्र रिकामा करू शकत नाही, हे खरे. पण बाजार एका घराला पाहत नाही, सवयीला पाहतो. पूर्वी दावतीत कोणी शीतपेये ठेवत नसे. एका घराने ठेवली, दुसऱ्याने पाहिली, आणि पाच वर्षांत ती रीत झाली. वाईट रीत पसरते तशी चांगलीही पसरते, आणि पाककृतीचे पान ती पसरवण्याचे सर्वांत सोपे साधन आहे.

म्हणून या मासिकाच्या वाचक भगिनींना आमचे सांगणे आहे: आपल्या घरातली धरणातल्या माशाची, सुकटीची, सुक्या बोंबलाची पाककृती लिहून काढा. अम्मी कशी करत, फुफी त्यात काय घालत, तेही लिहा. डोक्यावर त्या चार ओळी घाला आणि संपादकांकडे पाठवा. आपले मासे पुस्तकात का नाहीत, असे आमच्या वर्गातल्या मुलीने विचारले होते. त्याचे उत्तर एवढेच आहे की ते अजून कोणी लिहून पाठवलेले नाहीत.